घरची गाडी निवडताना



आपल्या समाजात वाहन हा नुसत्या सोयीचा विषय कधीच नव्हता. १९०१ साली बाल भीमराव भाऊ आणि भाच्यांसह वडिलांना भेटायला निघाले, तेव्हा मसूर स्टेशनवर जात कळताच बैलगाडीवाले मागे सरले. शेवटी दुप्पट भाडे घेऊन एक जण तयार झाला, तोही मुलांनीच गाडी हाकावी या अटीवर. पुढे १९२९ साली चाळीसगावला टांगेवाल्याने बाबासाहेबांना बसवून टांगा हाकण्याचे नाकारले. तेव्हा वस्तीतल्याच एका माणसाने सवय नसताना टांगा हाकला. मोरीवर अपघात झाला, बाबासाहेब बाहेर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. म्हणूनच आपल्या माणसाच्या दारात स्वतःची गाडी उभी राहिली की म्हातारी माणसे तिच्यावरून हात फिरवतात. ते उगीच नाही.

आमच्या अकोल्याच्या घरी २००८ ची टाटा सुमो होती. वस्तीतल्या बाळंतिणी तिने दवाखान्यात पोहोचवल्या, लग्नाची वऱ्हाडे नेली, आणि दरवर्षी अशोक विजयादशमीला अडीचशे किलोमीटरवरची दीक्षाभूमी गाठली. २०२३ मध्ये तिची पंधरा वर्षे भरली. फेरनोंदणीचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाले होते, वर पर्यावरण कर वेगळा. तेही भरून पाच वर्षांची मुदत मिळवली. पण खालचा पत्रा गंजून गेला होता. सुमोचे उत्पादन २०१९ मध्येच बंद झालेले. मिस्त्री स्पष्ट म्हणाले, "इंजिन अजून ओढील हो, पण फरशी साथ देणार नाही." माणसांच्या जिवाशी खेळ नको, म्हणून दुसरी गाडी पाहायचे ठरले. नवी परवडणारी नव्हती. बचतीचे चार लाख आणि पतपेढीचे चार लाख, एवढीच आमची मर्यादा. हप्त्यापायी पोरीची कॉलेजची फी थांबता कामा नये, हे आधीच बजावून घेतले.

रात्री जेवणे झाल्यावर सगळे बसलो. मुलाला छत उघडणारी, उंच, पाच जणांची नवीन धाटणीची गाडी हवी होती. आम्हा दोघांचे मन बोलेरोवर होते. काळ्या मातीच्या रस्त्याला मजबूत, आणि कोणत्याही गावात दुरुस्त होणारी. पण एकाच्या दारातली बोलेरो दाखवायला नेली तेव्हा आईने पायरीकडे पाहिले आणि म्हणाली, "मला हिच्यात चढवाचं असंल तर आधी एक सिडी घ्या." शिवाय मागच्या जागा आडव्या, समोरासमोर. तिथे लेकरे बसवून नागपूरपर्यंत जाणे जिवावर येते. इनोव्हा सर्वांना पसंत होती, पण आमच्या पैशांत बसणाऱ्या बहुतेक इनोव्हा भाड्याने पळून थकलेल्या होत्या. दिल्लीकडच्या डिझेल गाड्या स्वस्त मिळतात असे एकाने सुचवले. तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले होते, म्हणून त्या इकडे येत. पण परराज्यातली गाडी आणली की ना-हरकत दाखला आणि इथला कर पुन्हा भरणे आले. स्वस्ताई तिथेच संपते. शेवटी तिन्ही रांगा पुढे तोंड करून असलेली, पायरी खाली असलेली पेट्रोलची एर्टिगा पाहायचे ठरले. आमचे फिरणे बहुतेक गावातले. २०२० नंतरच्या डिझेल गाडीच्या धुरगाळणीला अशा छोट्या फेऱ्या मानवत नाहीत, ती काजळीने तुंबते.

तथागतांनी कालामांना सांगितले होते की, केवळ ऐकीव आहे म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. जुन्या गाडीच्या बाजारात हा उपदेश फार उपयोगी पडतो. "एकाच हातची, डॉक्टरांची गाडी" हे वाक्य आम्ही पाच ठिकाणी ऐकले. म्हणून आम्ही सकाळी, इंजिन थंड असतानाच जात होतो. आधी बॉनेटवर हात ठेवायचा. ते गरम लागले तर मालकाने आधीच चालू करून ठेवले आहे असे समजावे. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळते. मीटरवर चाळीस हजार किलोमीटर आणि ब्रेकच्या पायडलचे रबर गुळगुळीत, असे असेल तर मीटर मागे फिरवलेला असू शकतो. टायरवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. आत चिखलाची रेघ दिसली तर गाडी पुरातून आलेली. बॉनेटच्या बिजागरीच्या बोल्टवरचा रंग उडालेला असेल तर ठोकर झाली का, ते विचारावे.

कागदपत्रे तर त्याहून महत्त्वाची. नमुना २९ आणि ३० भरावे लागतात. कर्ज असेल तर नमुना ३५ आणि बँकेचा दाखला. आर.सी.वर नाव चढेपर्यंत व्यवहार पुरा झाला असे मानू नये. नोंदणीवर ज्याचे नाव, जबाबदारी त्याची, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिला आहे. त्यामुळे जुनी गाडी विकतानाही कोऱ्या नमुन्यावर सही करून एजंटाच्या हाती देऊ नये. उद्या अपघात झाला तर नोटीस आपल्या दारात येते.

सुमो विकायची वेळ आली तेव्हा खरी परीक्षा झाली. तिच्या मागच्या काचेवर निळ्या अक्षरांत 'जयभीम' होते. एका दलालाने सव्वा लाख सांगितले आणि गोड बोलून म्हणाला, "एवढं खरवडून टाका, वीस हजार जास्त मिळवून देतो. गिऱ्हाईक बिचकतं हो." घरात दोन मते झाली. वीस हजार म्हणजे दोन महिन्यांचा हप्ता. मुलगा म्हणाला, "विकलेल्या गाडीचं काय एवढं?" त्यावर आई एवढेच बोलली, "अक्षर आपण लावलं. पैशापायी आपल्या हातानं काढाचं नाही. घेणाऱ्याले काय कराचं ते तो पाहील." मग कोणी वाद घातला नाही. सुमो एका भाजीवाल्याला सव्वा लाखालाच दिली. नाव चढल्याची आर.सी. पाहिली, तेव्हा आमचे मन निश्चिंत झाले.

आता दारात २०१९ ची एर्टिगा आहे. एका शिक्षकांची पहिल्या हातची गाडी, सर्व्हिसच्या पावत्यांसह, सात लाख साठ हजारांना मिळाली. पुढे दोन एअरबॅग आहेत. सुमोत दहा जण दाटीवाटीने बसत. इथे जागा सात आणि पट्टे सात. वस्तीतल्या मंडळींना हे सांगणे जड गेले. पण यंदा नागपूरला सातच जण गाडीने जातील. बाकीचे एस.टी.ने जातील, आणि त्यांच्या तिकिटाचा वाटा आम्ही उचलू. रात्री-अपरात्री दवाखान्याची वेळ आली तर किल्ली मात्र पूर्वीसारखीच खिळ्याला लटकलेली आहे.

समाजबांधवांना आमचे एवढेच सांगणे आहे. गाडी घेण्यापूर्वी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला तिच्यात बसवून पाहा, हप्ता लेकरांच्या शिक्षणाला धक्का लावतो का ते पाहा, आणि विकणाऱ्याच्या तोंडापेक्षा गाडीच्या अंगाकडे नीट पाहा. तोडक्या कमाईतही चांगली गाडी मिळते. घाई तेवढी करू नये.