दुसऱ्या वर्गाचा डबा

दुसऱ्या वर्गाला आपल्याकडे मान नाही. मुलाचा बी.ए.चा वर्ग विचारला आणि ‘सेकंड’ असं उत्तर आलं, की मुलीचा बाप चहाचा कप जरा लवकर खाली ठेवतो. रेल्वेने १९७४ साली तिसरा वर्ग बंद केला, तेव्हा आम्हां तिसऱ्या वर्गातल्या प्रवाशांना एका फटक्यात बढती मिळाली. बाकडी तीच, ढेकूणही तेच. फक्त डब्यावरचा आकडा बदलला. उभ्या आयुष्यात मला अर्ज न करता मिळालेली ती एकमेव बढती.

भारतीय फुटबॉलात मात्र नेमकं उलटं झालं. १९९६ साली राष्ट्रीय लीग निघाली, २००७ साली तिची आय-लीग झाली आणि बरीच वर्षं तीच देशातली पहिल्या वर्गाची गाडी होती. मग २०१४ साली शेजारच्या रुळावर इंडियन सुपर लीग नावाची वातानुकूलित गाडी येऊन उभी राहिली. तिच्या मालकमंडळींत सिनेनट होते, क्रिकेटपटू होते, उद्योगपती होते. आणि २०२२-२३ पासून रीतसर ठरलं, की आय-लीग हा दुसरा वर्ग; तिथे जो पहिला येईल त्याला वरच्या गाडीत जागा. पहिल्या वर्षी ती पंजाबला मिळाली, दुसऱ्या वर्षी कोलकात्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगला. मोहमेडन थाटात वर चढलं आणि पहिल्याच हंगामात तेरा संघांत तेराव्या जागेवर जाऊन बसलं. वरच्या वर्गात गेलं म्हणून बसायला खिडकीच मिळते असं नाही.

आता या सगळ्याशी माझा संबंध काय, असं तुम्ही विचाराल. संबंध सासुरवाडीचा. मी कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉल हा पेठेचा मामला असतो. पाटाकडील आणि दिलबहार यांची मॅच शाहू स्टेडियमवर असली, की त्या दिवशी लग्नाचा मुहूर्तसुद्धा विचार करून काढतात. पण माझी सासुरवाडी मडगावची. तिथे फुटबॉलला मामला म्हणत नाहीत, कारण श्वास घेण्याला कुणी मामला म्हणत नाही. माझं लग्न ठरलं तेव्हा मामंजींनी मला पगार विचारला नव्हता. विचारलं होतं, ‘‘जावईबापू, लेफ्टनं मारता की राइटनं?’’

मामंजी आता अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आहेत आणि चर्चिल ब्रदर्सचे आहेत. हे चर्चिल म्हणजे चिरूट ओढणारे इंग्लंडचे पंतप्रधान नव्हेत. वार्क्याच्या अलेमाव घराण्याचा हा क्लब, स्थापना १९८८. त्याने आय-लीग दोनदा जिंकली, २००८-०९ साली आणि २०१२-१३ साली. माझे मेहुणे मात्र डेंपोचे. डेंपोने राष्ट्रीय विजेतेपद पाच वेळा मिळवलेलं, त्यामुळे त्या घरात बाप आणि मुलगा यांच्यात ‘पाच विरुद्ध दोन’ असा एक कायमचा हिशेब चालू असतो. मात्र डेंपोने २०१६ साली आय-लीगमधून अंग काढून घेतलं, तेव्हा मामंजी चार दिवस मेहुण्यांशी फार प्रेमाने बोलत होते. मेहुण्यांना त्याचाच जास्त त्रास झाला.

२०२४-२५ चा हंगाम आला तेव्हा डेंपो परत आलं होतं. बारा संघ, प्रत्येकाच्या बावीस मॅचेस. एकदा श्रीनगर, एकदा ऐझॉल, एकदा शिलाँग, एकदा कोळिकोड. एवढी यात्रा आमच्या आत्याने चारधामला जाऊनसुद्धा केली नव्हती. मामंजींना आता चेंडू दिसत नाही. ते मोबाइल कानाला लावून बसतात आणि आवाजावरून गोल ओळखतात. आम्ही चित्र बघत असतो, पण ‘‘ऑफसाइड!’’ असं आधी तेच ओरडतात आणि दहांतल्या सात वेळा बरोबर निघतात. उरलेल्या तीन वेळा पंच चुकलेले असतात.

त्याच वर्षी स्पर्धेत ‘इंटर काशी’ नावाचा एक संघ जोरात होता. नाव वाराणसीचं, घरच्या मॅचेस पश्चिम बंगालमधल्या कल्याणीला. १३ जानेवारी २०२५ ला ही काशी पंजाबच्या नामधारीकडून २-० ने हरली. झालं ते झालं म्हणून कुणी सोडून दिलं असतं. पण काशीने तक्रार केली, की चार पिवळी कार्डं झालेला खेळाडू नामधारीने मैदानात उतरवला. फेडरेशनच्या शिस्त समितीने तीन गुण काशीला दिले. अपील समितीने त्याला स्थगिती दिली. म्हणजे गुण मिळालेले होते आणि नव्हतेही. आमच्या वाड्यातल्या भाडेकरूचा खटला एकोणीस वर्षं याच अवस्थेत होता. त्यामुळे मला सगळं लगेच कळलं. मेहुण्यांना समजावून सांगताना मात्र घसा बसला.

६ एप्रिलला शेवटची मॅच. श्रीनगरला चर्चिल आणि रिअल काश्मीर १-१ असे बरोबरीत सुटले. तिकडे डेंपोने गोकुळम केरळला त्यांच्याच मैदानावर ४-३ असं हरवलं, आणि मेहुण्यांना उभ्या जन्मात पहिल्यांदा बापाबरोबर एकाच संध्याकाळी आनंद झाला. तक्त्यावर चर्चिल ४०, काशी ३९. पण कपाळावर टिळा कुणाला लावायचा ते समितीकडे होतं. समितीने १८ एप्रिलला नामधारीच्या बाजूने निकाल दिला आणि चर्चिल विजेते झाले. बारा वर्षांनी! मामंजींनी पाच किलो पेढे आणवले. वाड्यावरच्या प्रत्येक घरात स्वतः काठी टेकत गेले. एका घरी चुकून दोनदा गेले. तिथल्या बाईंनी दोन्ही वेळा घेतले.

२७ एप्रिलला गोव्यात चर्चिलच्या हाती करंडक आला. त्याच दिवशी स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या क्रीडा लवादाने हुकूम काढला, की विजेता जाहीर करू नका, समारंभ करू नका. आमच्या कोल्हापुरात मॅचवरून वाद झाला तर तो रंकाळ्यापलीकडे जात नाही. हा वाद थेट आल्प्सच्या पायथ्याशी गेला. ज्या गावी लोक घड्याळं आणि चॉकलेटं घेण्यासाठी जातात, तिथे आमची मंडळी तीन गुण आणायला गेली!

१८ जुलैला लोझानचा निकाल लागला. काशी ४२, चर्चिल ४०. विजेता : इंटर काशी. मराठीत एखाद्याचं वाटोळं झालं की ‘काशी झाली’ म्हणतात. पण काशीमुळेच एखाद्याची काशी झाल्याचं उदाहरण मी तरी हे पहिलंच पाहिलं.

त्या रात्री मेहुण्यांचा फोन आला. ‘‘भावोजी, बाबांना सांगू कसं?’’ गेली कित्येक वर्षं ज्या बापाला चर्चिलवरून टोमणे मारले, त्याच बापाला ही बातमी सांगायला या गृहस्थाचा आवाज फुटत नव्हता. शेवटी न सांगायचं ठरलं. डोळे अधू असल्याने वर्तमानपत्राची भीती नव्हती. मोबाइल ‘बिघडला’. पाववाल्याला ताकीद दिली. दोनदा पेढे घेणाऱ्या बाईंना तर घरी जाऊन हात जोडले. चार दिवस सगळं घर दबक्या आवाजात बोलत होतं, घरात परीक्षेला बसलेलं पोर असावं तसं.

मी आणि सौभाग्यवती मडगावला पोचलो तेव्हा मामंजी पडवीत बसले होते. मी पाया पडलो. म्हणाले, ‘‘बसा जावईबापू. आता त्या माझ्या पोराला सांगा, मोबाइल दुरुस्त कर म्हणून. त्याला वाटतं मला ठाऊक नाही.’’

मी म्हटलं, ‘‘म्हणजे तुम्हाला...’’

‘‘अरे बाबा, पाववाला त्याच दिवशी दारात उभा राहून रडला. चर्चिलवाला तो! मीच त्याला पाणी दिलं.’’

मेहुणे दारामागे उभे होते. मामंजींनी तिकडे न बघताच आवाज चढवला, ‘‘कायदा कायद्याच्या जागी. नियम मोडला असेल तर गुण गेले पाहिजेत. पण श्रीनगरची ती शेवटची मॅच मी ऐकली ना? जीव मुठीत धरून ऐकली ना? तो दीड तास आता कुठला लवाद परत मागणार? आणि पेढे तर लोकांनी खाल्ले!’’

मग जरा थांबून म्हणाले, ‘‘आणि त्या काशीवाल्यांचं तरी काय बरं झालं? विचार याला.’’

ते मात्र खरं होतं. निकालाच्या आठवडाभर आधी, ११ जुलैलाच, वरची ती वातानुकूलित सुपर लीग बेमुदत थांबवल्याचं जाहीर झालं होतं. म्हणजे सहा महिने भांडून, लोझानपर्यंत जाऊन काशीने तिकीट मिळवलं, आणि फलाटावर येऊन बघते तर गाडीच रद्द. ती गाडी अखेर फेब्रुवारी २०२६ मध्ये सुटली आणि काशी तीत चढली. पण तोवर सात महिने फलाटावरच्या बाकड्यावर बसण्यात गेले. फलाटावरच्या बाकड्यांना वर्ग नसतो, हे दुसऱ्या वर्गाने प्रवास केलेल्या कुणालाही ठाऊक असतं.

मोबाइल दुसऱ्या दिवशी दुरुस्त झाला. म्हणजे मेहुण्यांनी तो कपाटातून काढला. त्या घरातला हिशेब मात्र अजून मिटलेला नाही. मेहुणे म्हणतात पाच विरुद्ध दोन. मामंजी म्हणतात पाच विरुद्ध तीन. मेहुण्यांनी एकदा लोझानचं नाव काढून बघितलं, तर मामंजी शांतपणे म्हणाले, ‘‘तू डेंपोवाला. तुझ्या घरी चर्चिलचे पेढे आले होते की नाही? आणि तू खाल्लेस की नाही?’’

मेहुण्यांनी चार खाल्ले होते. मी साक्षीदार आहे.