दवाखान्यातला वजनकाटा

तपासणीच्या टेबलाखाली तो पडलेला असतो. वर काळं रबर, गोल काचेखाली लाल काटा, पुढे शून्य जुळवायचं दातेरी चाक. टाचा जिथे टेकतात तिथल्या रबरावरच्या रेघा पार झिजल्यात. स्टेथोस्कोपचा मान त्याला कधी मिळाला नाही. पण हार्ट फेल्युअरचा पेशंट घरी सांभाळायचा असेल, तर माझा पहिला भरवसा त्याच्यावर.

हृदय दुबळं झालं की मूत्रपिंडं मीठ आणि पाणी धरून ठेवू लागतात. घोट्यावर बोट दाबलं की खड्डा पडणं, रात्री दम लागून उठून बसणं, हे बहुतेक वेळा मागाहून येतं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, आणि काट्याला ते आधी कळतं.

भिडस्तपणा त्याच्यात नाही. आजी म्हणतात, "खारट काही खाल्लं नाही हो डॉक्टर!" काटा दोन किलो पुढे. मग सून सांगते, घरात लग्न होतं, पापड-लोणचं चालू होतं. कधी निराळंच निघतं: गुडघे दुखले म्हणून मेडिकलमधून परस्पर आणलेली डायक्लोफेनॅक. या गोळ्यांनी अंगात पाणी साठतं, लघवीच्या गोळीचा गुणही कमी येतो. काटा कारण सांगत नाही, ते आपण विचारायचं. आणि घरातलं सगळं ठाऊक असलेल्या फॅमिली डॉक्टरला ते नेमकं विचारता येतं.

फसतो तोही. पेशंट खंगतो, मांस झडतं, त्या जागी पाणी भरतं आणि आकडा तसाच राहतो. म्हणून पाय, मानेची शीर, छाती पाहायचीच. जुलाबांनी वजन झपकन उतरलं, तर ती सुधारणा समजू नये. लघवीची गोळी तशीच चालू ठेवायची की नाही, हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावं.

औषधं आता खूप चांगली आली आहेत. मधुमेहासाठी निघालेली डापाग्लिफ्लोझिन २०१९ मधल्या एका मोठ्या चाचणीनंतर, मधुमेह नसलेल्यांनाही हृदयासाठी दिली जाऊ लागली. पण काल रात्रीत किती पाणी साठलं, हे सांगायला अजून काटाच लागतो. दवाखान्यातला महिन्यातून एकदा भेटतो, तेवढ्याने भागत नाही. म्हणून प्रत्येकाला सांगतो, घरी एक साधा काटा घ्या. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाआधी, हलक्या कपड्यांत, सपाट फरशीवर उभं राहायचं आणि आकडा कालनिर्णयच्या त्या दिवसाच्या चौकोनात लिहायचा. काही घरांत हे काम नातवंडं इतक्या निष्ठेने करतात, की महिनाअखेरी ते पान माझ्यासाठी केसपेपरइतकंच मोलाचं असतं.

तुमच्या घरी असा पेशंट असेल तर एवढं करा. तीन दिवसांत दोन किलो वजन वाढलं, तर दम लागायची वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.