नातवंडांसाठी ठेवलेली बाटली

गोव्यात ‘पोर्ट’ म्हटलं की आपल्याला स्वस्तातली गोड लाल वाईन आठवते. मूळची पोर्ट मात्र पोर्तुगालच्या दोरू नदीच्या खोऱ्यातली. १७५६ सालीच त्या द्राक्षमळ्यांची हद्द आखली गेली. पोर्तो शहरातून १८८६ चा लोखंडी पूल ओलांडला की व्हिला नोव्हा द गाया लागतं. तिथल्या कौलारू, थंडगार गुदामांत ही वाईन मुरते.

द्राक्षरस आंबत असतानाच त्यात द्राक्षांचंच कडक मद्य घालतात. आंबणं थांबतं, गोडवा टिकतो. उत्तम हंगामाची व्हिंटेज पोर्ट दोन-तीन वर्षांत बाटलीत भरतात. मग ती वीस, तीस, कधी पन्नास वर्षं अंधारात आडवी पडून असते. गडद जांभळा रंग हळूहळू विटकरी होतो, तळाशी गाळ बसतो. म्हणून बाटली आदल्या दिवशी उभी ठेवायची आणि दुसऱ्या भांड्यात अलगद ओतायची.

पेला लहानच घ्यावा. अल्कोहोल सुमारे २० टक्के असतं. आधी वास घ्या: सुकं अंजीर, मनुका, अक्रोड. मग छोटा घोट जिभेवर थांबू द्या. तरुणपणीचा तुरटपणा निवालेला असतो आणि चव बराच वेळ रेंगाळते.

आजोबांनी आंबा लावावा आणि नातवंडांनी खावा, तसंच हे. इंग्रज घरांत मूल जन्मलं की त्याच्यासाठी पोर्ट घेऊन ठेवायची रीत होती. इतकी वर्षं थांबलेली ही वाईन उघडल्यावर मात्र एक-दोन दिवसांतच संपवावी लागते. म्हणून ती एकट्याने उघडायची नसते. घरची माणसं जमली की उघडायची.