दुखणी ठाऊक असलेलं इंजिन

कॉव्हेंट्री,
रविवार, रात्री उशिरा

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

फोन ठेवल्यापासून तुझं एकच वाक्य डोक्यात घोळतंय. “मामा, पहिलीच गाडी आहे, म्हणून तर इंजिन दणदणीत हवं!” तुझी मामी मला रागावली. पोरगी एवढ्या हौसेनं सांगत होती आणि तुम्ही नुसतं हूं हूं करत बसलात, म्हणाली. अगं, आनंद इतका झाला होता की शब्द सुचेनात. आपल्या घरातलं कुणीतरी स्वतःच्या हातांनी चेसिसवर गाडी उभी करणार, आणि ती तू! नाना असते तर अख्ख्या आळीला सांगत सुटले असते. पण पुढच्याच दमात तू म्हणालीस, की अपघातात गेलेल्या एका हायाबुसाचं इंजिन बघून ठेवलंयस आणि शनिवारी आगाऊ पैसे देणार आहेस. तिथे माझी झोप उडाली. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र. शेवटपर्यंत वाच, मधली पानं गाळू नकोस. तुझी ती सवय मला ठाऊक आहे.

हायाबुसाचं इंजिन वाईट आहे असं मी म्हणणार नाही. 1999 साली सुझुकीनं ते आणलं तेव्हा आम्ही कामावरची माणसं त्याचे आकडे वाचून थक्क झालो होतो. 1300 सीसी, आणि 170च्या वर हॉर्सपॉवर. गिअरबॉक्स पोटातच, त्यामुळे सगळं मिळून वजन गाडीच्या इंजिन-गिअरबॉक्सच्या मानानं फारच कमी. लोटस सेव्हनसारख्या चिमुकल्या गाडीत ते बसवणारे लोक इथे भरपूर आहेत आणि त्यांच्या गाड्या अफाट पळतात. हे सगळं खरं. पण ते इंजिन मोटरसायकलसाठी बांधलंय, हे तू विसरतेस.

मोटरसायकल वळणावर झुकते. ती झुकते म्हणूनच चेंबरमधलं ऑइल तळाशी, पंपाच्या तोंडाशी राहतं. तुझी गाडी चार चाकांवरची. ती आत झुकणार नाही. लांबलचक वळणावर ऑइल चेंबरच्या एका बाजूला चढेल, पंप हवा ओढेल आणि मिनिटाला नऊ-दहा हजार फेरे घेणाऱ्या क्रँकची बेअरिंगं कोरडी पडतील. पुढे काय होतं ते तुला सांगायला नको, त्या आवाजानं पोटात गोळा येतो. यावर उपाय आहेत. चेंबरमध्ये आडव्या पट्ट्या घालतात, नाहीतर ऑइलची टाकीच वेगळी करून ड्राय संप बसवतात. पण मग रिव्हर्स गिअरचं काय? अशा मोटरसायकलला तो नसतोच. त्यासाठी वेगळी पेटी किंवा वेगळी विजेची मोटर. चेनच्या जागी प्रॉपशाफ्ट जोडायचा तर मध्ये खास बनवलेला तुकडा. क्लच मोटरसायकलचं ओझं डोळ्यांपुढे ठेवून केलेला, आणि त्यावर तू दोन माणसांसकट गाडी ओढायला लावणार. यातलं प्रत्येक कोडं सुटतं, ती सोडवणारी जाणती माणसंही या देशात आहेत. पण पहिल्या गाडीत ब्रेकच्या नळ्या कशा वाकवायच्या, स्टिअरिंग सरळ कसं ठेवायचं, हीच कोडी ढीगभर असतात. त्यांत इंजिनाची आणखी पाच कशाला घालतेस?

आणि तुझ्या ऑफिसातला तो मित्र, ज्यानं रोव्हरचं व्ही-एट सुचवलं, त्याला माझा नमस्कार सांग आणि त्याचं ऐकू नकोस. सुंदर इंजिन आहे. मूळ अमेरिकेतल्या ब्युइकचं, 1961चं अ‍ॅल्युमिनियमचं. ते रोव्हरनं घेतलं, 1967 साली स्वतःच्या मोटारीत घातलं आणि पुढच्याच वर्षी मॉर्गननं प्लस एट काढली. त्याचा आवाज ऐकला की मीही रस्त्यावर थांबतो. पण त्या ताकदीला पेलणारा गिअरबॉक्स हवा, गिअरबॉक्सला पेलणारा मागचा अ‍ॅक्सल हवा, मग ब्रेक मोठे, रेडिएटर मोठा, स्प्रिंगा जाड. एक वाढवलं की सगळं वाढत जातं. हलकी गाडी बांधायला निघालेली तू जड गाडी बांधून बसशील.

आता मला सांग, ज्या गाडीच्या नादानं तू वेडी झालीयस तिचं पहिलं इंजिन कोणतं होतं? 1957 साली कॉलिन चॅपमननं लोटस सेव्हन काढली तेव्हा त्यात फोर्डचं 1172 सीसीचं साइडव्हॉल्व्ह इंजिन होतं. ताकद चाळीसेक हॉर्सपॉवर. शेजारपाजारच्या फोर्डमध्ये असायचं तेच, कुठल्याही गल्लीतल्या गॅरेजवाल्याला डोळे मिटून उघडता येणारं. लोक सुटे भाग घरी नेऊन गाडी स्वतः जोडायचे, कारण तयार गाडीवर लागणारा खरेदी कर त्यामुळे वाचायचा. 1973 साली व्हॅट आला आणि ती सवलत संपली, त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅमकडे गेले. अधिक ताकद हवी असणाऱ्यांसाठी कॉव्हेंट्री क्लायमॅक्सचं 1098 सीसी इंजिन होतं. ते मुळात आग विझवायच्या पंपासाठी घडवलेल्या इंजिनातून आलेलं, आमच्या या कॉव्हेंट्रीचंच. आजच्या मानानं हे आकडे तुला पोरकट वाटतील. पण त्या गाडीनं शर्यती जिंकल्या आणि ती आजही बनते, यामागे हलकेपणा आहे.

पुढे 1996 साली हेन्सनं रॉन चॅम्पियन यांचं पुस्तक काढलं, अडीचशे पौंडांत स्वतःची स्पोर्ट्स कार बांधा म्हणून. तुझ्याकडे आहे ते, मला माहीत आहे, ताईनं सांगितलं. त्यात फोर्डची मार्क टू एस्कॉर्ट घ्या म्हटलंय. तू म्हणशील, एस्कॉर्ट आता मिळते कुठे, मिळाली तर परवडते कुठे? बरोबर. त्या काळी भंगारात पडलेल्या त्या गाड्यांना आता शौकीन भलत्या किमती देतात. म्हणून पुस्तकातलं इंजिन शोधत फिरू नकोस, त्यामागचा विचार घे. आपल्या काळात जी मागच्या चाकांवर चालणारी गाडी सर्वांत स्वस्त आणि सर्वांच्या ओळखीची असेल, तिचं इंजिन घ्यायचं. 2007 साली क्रिस गिब्ज यांनी त्याच विचारानं आपल्या पुस्तकात फोर्डची सिएरा घेतली. आणि आज तुझ्यासाठी ती गाडी म्हणजे माझदाची पहिली एमएक्स-फाइव्ह.

1989 साली आलेली. 1600 सीसी, 115च्या आसपास हॉर्सपॉवर. हसू नकोस. मूळ गाडी साडेनऊशे किलोची होती, तुझी सहाशेच्या आतबाहेर भरेल. तेच इंजिन तुझ्या गाडीत उडी मारेल. ते लांबीत बसवलेलं, गिअरबॉक्स मागे जोडलेला, प्रॉपशाफ्ट, डिफरन्शियल, सगळं एका रांगेत आणि एकमेकांना ठाऊक असलेलं. पुढच्या चाकांच्या गाडीतलं फोर्ड झेटेक स्वस्त मिळतं म्हणून भुलशील, तर ते आडवं असतं. त्याला लांबीत वळवायचं तर चेंबर कापा, पाण्याचे पाइप फिरवा, गिअरबॉक्सशी जुळवायला वेगळं बेलहाउसिंग आणा. माझदाचा टायमिंग बेल्ट तुटला तरी पिस्टन व्हॉल्व्हवर आदळत नाही, नवशिक्याला याहून मोठा आशीर्वाद नाही. शिवाय इथल्या मिठाच्या रस्त्यांवर या गाड्यांचे दारांखालचे पत्रे गंजून भुसा होतात, एमओटी तपासणीत नापास होतात आणि धडधाकट इंजिनासकट कवडीमोलानं विकल्या जातात. तुला पत्रा नकोच आहे. तुझ्यासाठीच जणू ठेवल्यात.

पण सुटं इंजिन मुळीच घेऊ नकोस. चालती, नंबरप्लेट लावलेली अख्खी गाडी घे. मालकाच्या घरी जाऊन इंजिन थंड असताना सुरू करायला लाव. विकणाऱ्यानं आधीच तापवून ठेवलं असेल तर परत फीर. सुरुवातीला वरून टिकटिक आली तर घाबरू नकोस, ते हायड्रॉलिक टॅपेट आहेत, गरम झाल्यावर बहुधा गप्प होतात. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर मात्र सावध हो. अगदी सुरुवातीच्या गाड्यांत क्रँकचं पुढचं नाक आखूड होतं आणि त्यावरची पुली सैल होऊन चावीची खाच झिजायची. पुढच्या पुलीला चार खाचा असतील तर ते इंजिन आखूड नाकाचं, ते सोड. आणि गाडी घरी आणलीस की लगेच पाना लावू नकोस. काही आठवडे चालव. ऑफिसला ने, पावसात ने. तिची कुरकुर ऐक. मगच उघड. वायरिंग कापू नकोस, अख्खं काढ, प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांध, आणि इंजिनाचा कॉम्प्युटर, किल्ली, हवेचा मीटर एकाच पेटीत ठेव. गाडीची कागदपत्रंही जप. बांधून झालेल्या गाडीच्या तपासणीत इंजिन किती सालचं यावरून धुराची परीक्षा ठरते, आणि साल सिद्ध करायचं काम तुझं असतं.

हे सगळं वाचून म्हणशील, मामाला फक्त खबरदारी ठाऊक. तसं नाही गं. आयुष्यभर इंजिनांच्या चाचण्या घेतल्यावर माझी एक गोष्ट पक्की झालीय आणि ती मी कुणालाही सांगायला तयार आहे. इंजिनाची ताकद शेवटी विचारायची. पहिला प्रश्न हा, की हे किती जणांनी उघडलंय? याची दुखणी किती जणांना ठाऊक आहेत? ज्याला दुखणंच नाही असं इंजिन जगात नाही. ज्याची दुखणी कुणाला माहीत नाहीत असं मात्र पुष्कळ असतं, आणि ते माणसाला एकटं पाडतं. नानांच्या विहिरीवरचं ते पाच हॉर्सपॉवरचं किर्लोस्कर आठव. तू लहान होतीस, पण आवाज नक्की आठवत असेल. रात्री पाणी चालू असताना ते जरा अडखळलं तर नाना अंथरुणातूनच सांगायचे, डिझेलमध्ये हवा आलीय. ते आजारी पडले तेव्हा शेजारचा कुणीही येऊन ते सुरू करून जायचा, कारण प्रत्येकाच्या विहिरीवर तेच होतं. भाग हवा तर कराड गाठायचं, संध्याकाळी पाणी परत चालू. त्या इंजिनानं उसाला पाणी दिलं, आम्हा भावंडांची शिक्षणं केली. त्याची ताकद पाच घोड्यांची नव्हती, सगळ्या गावाच्या ओळखीची होती.

आपल्या माणसांत हा विचार कमी होत चाललाय याचं मला मनापासून वाईट वाटतं. फोन घेताना, घर घेताना, कोर्स निवडताना, सगळीकडे आधी मोठा आकडा. बिघडल्यावर शेजारी कोण उभं राहील, हे कुणी विचारत नाही. या देशात गॅरेजागॅरेजांतून अर्ध्यावर सोडलेल्या गाड्या पडून आहेत, अर्धवट प्रकल्प म्हणून त्यांच्या जाहिराती येतात. त्या जाहिराती वाच जरा. कित्येकींत इंजिन अगदी जोरदार असतं. गाडी तेवढी नसते. मला तुझी गाडी रस्त्यावर बघायचीय. ती संथ असली तरी चालेल. पुरी झालेली गाडी तुला जे शिकवेल ते दोनशे घोडे गॅरेजमध्ये उभे करून शिकता येणार नाही. गॉर्डन मरे तुझा देव ना? फॉर्म्युला वनमध्ये येण्याआधी, 1967 साली दक्षिण आफ्रिकेत त्यानं स्वतः बांधलेल्या गाडीत शर्यत केली. त्या पहिल्या गाडीत इंजिन फोर्डचंच होतं. मोठी इंजिनं त्याच्या आयुष्यात नंतर आली. तुझ्याही येतील. दुसऱ्या गाडीत हायाबुसा घाल, ड्राय संप मी स्वतः बसवून देईन.

आणि आता जे सांगतो ते इंजिनापेक्षा महत्त्वाचं. ड्युटी संपवून रात्री एकटी गॅरेजमध्ये काम करणार आहेस, हे मला मुळीच आवडलेलं नाही. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधी, कधीही जाऊ नकोस. खाली पक्के स्टँड लाव, मग गाडी हलवून बघ, मगच वाक. इंजिन उचलायच्या दिवशी कुणाला तरी बोलव, मला बोलवलंस तर उत्तम. पेट्रोलची टाकी काढताना शटर पूर्ण उघडं ठेव आणि तो हीटर बाहेर ठेव. केस बांध, अंगठी काढ. जेवून मग काम कर, उपाशी पोटी पाना हातातून सुटतो. आणि गाडी झाली की पहिल्याच दिवशी ती घेऊन स्विंडनच्या त्या जादूच्या चौकात शिरू नकोस. पाच छोटी वर्तुळं फिरवणारा तो चौक मला मोठ्या गाडीतही घाम फोडतो. तुझ्या गाडीत एअरबॅग नसेल, एबीएस नसेल, मागची चाकं ओल्या रस्त्यावर केव्हा सुटतील सांगता येणार नाही. सहाशे किलो म्हणजे पळायला हलकी, तशीच लागायलाही हलकी. तू गाडी बांधतेयस हे मी ताईला कळवलेलं नाही, पण तू स्वतः सांगावंस. तिला दुसऱ्याकडून कळलं तर तिला फार लागेल.

शनिवारी मी पहिल्या गाडीनं तुझ्याकडे येतो. कॉम्प्रेशन गेज आणि माझा जुना टॉर्च आणतो. आपण मिळून दोन-तीन एमएक्स-फाइव्ह बघून येऊ, पसंत नाही पडल्या तर पुढच्या शनिवारी पुन्हा बघू. घाई नाही. पण त्या हायाबुसावाल्याला उद्या सकाळीच नाही म्हणून कळव, आणि कळवलंस की मला फोन कर. तो येईपर्यंत मी वाट बघतोय.

तुझा,
मामा