साफ केलेला चेहरा

गेल्या हिवाळ्यात आमच्या गल्लीतल्या एका रिक्षाची बॅटरी चोरीला गेली. रिक्षावाल्याचं घर रोजच्या कमाईवर चालतं, त्यामुळे सगळ्यांनाच वाईट वाटलं. समोरच्या किराणा दुकानाच्या कॅमेऱ्यात चोर दिसत होता. पण रात्रीची वेळ, अंतर लांब, चेहऱ्याच्या जागी नुसता करडा डाग. गल्लीतल्या एका कॉलेजच्या मुलानं तो फोटो मोबाईलमधल्या एआयच्या अ‍ॅपमध्ये टाकला. मिनिटभरात डोळे, नाक, ओठ सगळं स्वच्छ. आणि तो चेहरा दिसत होता हुबेहूब शेजारच्या खालांच्या नातवासारखा.

फजरपर्यंत फोटो मोहल्ल्याच्या तीन ग्रुपवर फिरला होता. घरात आम्ही दोघंही शिक्षक, हा मुलगा आमच्याच वर्गात बसतो. तरी फोटो पाहिल्यावर आमच्या तोंडून पहिला शब्द निघाला, "अरे, हा तर तोच!" लपवण्यात अर्थ नाही, आमच्यापैकी एकानं तो फोटो नातेवाइकांना पुढे पाठवलासुद्धा.

दुपारी खाला आल्या. दारातच बसल्या. म्हणाल्या, "बेटा, पोरगा त्या रात्री राहुरीला मामूकडे होता. पण सांगू कुणाकुणाला? माझं कोण ऐकतं, सगळे फोटोचं ऐकतात." मुलानं शाळेत यायचं बंद केलं होतं. आम्ही त्याला आणि खालांना घेऊन पोलीस चौकीत गेलो. तिथल्या हवालदारांनी मोबाईल हातात घेतला, फोटो पाहिला आणि परत दिला. "सर, हा फोटो कॅमेऱ्यानं काढलेला नाही, मोबाईलनं बनवलेला आहे. मला मूळ रेकॉर्डिंग आणून द्या."

मूळ रेकॉर्डिंग आलं. त्यात चोर दुकानाच्या शटरजवळून जाताना त्याचं डोकं शटरच्या कुलपाच्या कितीतरी वर दिसत होतं. हवालदारांनी मुलाला त्याच जागी उभं केलं. त्याचं डोकं जेमतेम कुलपापर्यंत पोहोचलं. पाच मिनिटांचं काम. ते आमच्यापैकी कुणालाही करता आलं असतं, पण सुचलं नाही.

तेव्हापासून आम्ही या विषयावर जमेल तसं वाचत आलो. पहिली गोष्ट कळली ती ही, की पुसट फोटोत जी माहिती नसतेच, ती कुठलंही अ‍ॅप परत आणू शकत नाही. लाखो चेहरे पाहून शिकलेलं ते यंत्र "इथे साधारण असं नाक असावं" असा अंदाज करतं आणि तो अंदाज रंगवून आपल्यापुढे ठेवतं. 2020 मध्ये अशाच एका प्रणालीला अमेरिकेचे माजी अध्यक्ष बराक ओबामा यांचा पुसट केलेला फोटो दिला, तर तिनं गोऱ्या माणसाचा चेहरा तयार केला. सगळं जग ओळखतं त्या माणसाची ही गत, तर आमच्या गल्लीतल्या पोराचं काय?

चेहरे जुळवणाऱ्या प्रणालींचंही तसंच. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेनं 2019 मध्ये अशा अनेक प्रणाली तपासल्या. आशियाई आणि कृष्णवर्णीय चेहऱ्यांच्या बाबतीत चुकीची जुळणी गोऱ्या चेहऱ्यांपेक्षा 10 ते 100 पट जास्त होते, असं कित्येक प्रणालींत आढळलं. आपल्याकडे 2022 मध्ये दिल्ली पोलिसांनी माहिती अधिकारात उत्तर दिलं, की 80 टक्क्यांहून जास्त साम्य असेल तर ती जुळणी मानली जाते. शाळेत 80 टक्के म्हणजे विशेष प्रावीण्य. पण कुणाच्या लेकराला चोर ठरवताना उरलेल्या 20 टक्क्यांचा हिशेब कोण देणार?

म्हणून यंत्रच नको, असं मात्र आम्ही म्हणणार नाही. 9 ऑगस्ट 2025, रक्षाबंधनाचा दिवस. नागपूर-जबलपूर महामार्गावर एका ट्रकनं मोटारसायकलला धडक दिली आणि पळ काढला. पत्नी जागीच गेली. कुणी मदतीला थांबेना, तेव्हा नवऱ्यानं तिचा मृतदेह मोटारसायकलला बांधून नेला. तो व्हिडिओ आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. ट्रकबद्दल त्याला एवढंच सांगता आलं, की त्यावर लाल खुणा होत्या. राज्य सरकारनं 2024 मध्ये पोलिसांसाठी नागपुरात 'मार्व्हल' ही एआयची कंपनी उभी केली आहे. तिच्या मदतीनं टोलनाक्यांवरच्या कॅमेऱ्यांचं चित्रण तपासलं गेलं. लाल खुणांचे ट्रक वेगळे काढले, त्यांच्या वेगावरून त्या वेळी घटनास्थळी कोण असू शकेल हे पाहिलं, आणि 36 तासांच्या आत ट्रक आणि चालक उत्तर प्रदेशात, सुमारे 700 किलोमीटरवर सापडले. माणसांनी डोळे फोडून ते चित्रण पाहिलं असतं तर कित्येक दिवस गेले असते.

नागपूरच्या यंत्रानं चेहरा बनवला नाही. असलेल्या चित्रणातून कुठे पाहायचं ते दाखवलं, पुढचा शोध पोलिसांनी घेतला. आमच्या अ‍ॅपनं मात्र नसलेला पुरावा घडवला आणि निकाल आम्हीच देऊन टाकला.

गुन्ह्याच्या शास्त्रात आपल्या मातीतल्या माणसांचा वाटाही मोठा आहे, हे वर्गात सांगताना आम्हाला आनंद होतो. बोटांच्या ठशांची जी वर्गवारी जगभर 'हेन्री पद्धत' म्हणून चालली, ती कोलकात्यात काझी अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन पोलीस अधिकाऱ्यांनी घडवली. हक यांनी त्यामागचं गणित बसवलं. 1897 मध्ये तिथं ठशांची कचेरी सुरू झाली, नाव मात्र साहेबाचं राहिलं. आज महाराष्ट्र पोलिसांच्या 'अँबिस' प्रणालीत ठसे, चेहरा, डोळ्यांची बुबुळं हे सगळं संगणक जुळवतो.

त्याच्याही कितीतरी आधीची गोष्ट आपल्या घराघरात सांगितली जाते. हजरत यूसुफ अलैहिस्सलाम यांच्यावर आळ आला तेव्हा फैसला कुर्त्यावरून झाला. कुर्ता पुढून फाटला की मागून, एवढंच पाहायचं होतं. पण आरडाओरडा बाजूला ठेवून ते पाहा, असं म्हणणारा एक माणूस लागला. तहकीक म्हणजे दुसरं काय?

आता थोडं कामाचं. घर-दुकानाला कॅमेरा असेल तर त्याची तारीख आणि वेळ बरोबर ठेवा. काही घडलं तर मूळ रेकॉर्डिंग तसंच जपा. त्यात कापाकापी करू नका, "साफ" तर मुळीच करू नका. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाईलचा हॅश नोंदवावा लागतो. हॅश म्हणजे फाईलचा जणू अंगठा. फाईलमध्ये कणभर बदल झाला तरी तो बदलतो. फोटो ग्रुपवर नाही, पोलिसांकडे द्यायचा. ऑनलाईन पैशांची फसवणूक झाली तर 1930 वर लगेच फोन करा. आणि मुला-मुलींना या शास्त्राची ओढ असेल तर अडवू नका. न्यायसहायक विज्ञानाची शासकीय संस्था आपल्या शेजारी छत्रपती संभाजीनगरातच आहे.

त्या संध्याकाळी आम्ही तिन्ही ग्रुपवर लिहिलं, "तो फोटो खोटा होता. आम्हीही तो पुढे पाठवला, आमची चूक झाली. ज्यांनी पाठवला त्यांनी खालांच्या घरी जाऊन यावं." चारशेच्या वर माणसं त्या ग्रुपवर आहेत. खालांच्या घरी सात जण गेले. त्यात तो कॉलेजचा मुलगाही होता, हे विशेष.

पाचव्या दिवशी मुलगा शाळेत आला. चोर अजून सापडलेला नाही. रिक्षाच्या नव्या बॅटरीसाठी मोहल्ल्यानं वर्गणी काढली, तिच्यात खालांनीही पैसे घातले.