वेगळे ताट

सुकापूरच्या वसतिगृहात असताना नववीतल्या एका विद्यार्थ्याचे पोट दोन महिने दुखत होते. वजन उतरले, संध्याकाळी कणकण येई. गावातल्या डॉक्टरांनी आतड्यांच्या क्षयरोगाची शंका व्यक्त केली आणि त्याच रात्री मी स्वयंपाकाच्या मावशींना सांगितले, ''याचे ताट-पेला वेगळे ठेवा.'' त्यांनी ताटाच्या कडेला लाल रंगाची खूण केली. त्याच आठवड्यात मी त्याच्या वर्गाला 1927 चा महाडचा सत्याग्रह शिकवला होता.

पुढे मुंबईच्या रुग्णालयात समजले की क्रोन्स हा आजारही हुबेहूब असाच दिसतो. लहान व मोठे आतडे जुळतात तेथेच व्रण, तसाच ताप. मात्र क्रोन्सला शमवणारी स्टेरॉइड्स क्षयाला भडकवतात, म्हणून निदान चुकून चालत नाही. रक्तातील प्रतिपिंडे तपासली. त्यांपैकी 'अ‍ॅस्का' हे यीस्टविरुद्धचे प्रतिपिंड. ते आढळले आणि 'पी-अ‍ॅन्का' आढळले नाही, तर कौल क्रोन्सकडे झुकतो. उलट असेल तर अल्सरेटिव्ह कोलायटिसकडे.

'अ‍ॅस्का' पॉझिटिव्ह आले. क्षय नाही, म्हणून मी मुलाच्या आईचे अभिनंदनच केले! डॉक्टरांनी मला थांबवले. ही विभागणी क्षय विरळ असलेल्या देशांत उपयोगी. आपल्याकडे क्षयरोग्यांतही हे प्रतिपिंड सापडते. दिल्लीच्या एम्समधील 2007 च्या अभ्यासाचा निष्कर्षही हाच, की 'अ‍ॅस्का'वरून हे दोन आजार वेगळे ओळखता येत नाहीत. एका ताम्रपटावरून वंशावळ ठरवू नये, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला कोणी सांगायला नको होते.

दुर्बिणीची तपासणी झाली, तुकडा तपासला, तरी निश्चिती होईना. क्षयाची औषधे सुरू केली. काही महिन्यांनी पुन्हा पाहिले तेव्हा व्रण तसेच होते. मग क्रोन्सचे उपचार लागू पडले.

पण क्षय असता तर? त्याची फुप्फुसे निर्दोष होती. आतड्यांचा क्षय ताटावाटे पसरत नाही, हे मी विचारलेदेखील नव्हते. माझ्या त्या आनंदातही तीच शिवाशिव होती.

तो परतल्यावर मी ते ताट इतर ताटांच्या चळतीत ठेवले. जेवणाच्या वेळी त्याने चळतीतून नेमके तेच शोधून काढले आणि मुकाट्याने कोपऱ्यात जाऊन बसला.

आज तो आपला माजी विद्यार्थी आहे, मेळाव्याला येतो, मला वाकून जयभीम करतो. त्या ताटाचा विषय त्याने कधी काढला नाही, मीही नाही. ही स्मरणिका त्याच्या घरी जाईल. बाळा, माझे चुकले.