आजीची सुटी पचमढीला

मे महिना लागला की मुलांना सुटी, शिक्षकांना सुटी, कोर्टालासुद्धा सुटी. पण आजीला सुटी कधी असते? मुलगा-सून दोघेही नोकरी करणारे असले की शाळेची बस, मधल्या वेळचे खाणे, संध्याकाळचा गृहपाठ, सारे आजीच्याच अंगावर. म्हणूनच नातवंडे पंधरा दिवसांसाठी त्यांच्या दुसऱ्या आजीकडे जाणार, असे ठरले तेव्हा नागपूरच्या एका त्रेसष्ट वर्षांच्या आजींनी कपाटे आवरण्याऐवजी धाकट्या बहिणीला फोन केला, ‘‘पचमढीला येतेस?’’

विदर्भातल्या माणसाला पचमढी नवी नाही. महाशिवरात्रीला खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागडच्या हजाराहून अधिक पायऱ्या चढणारे आणि नागपंचमीच्या सुमारास नागद्वारची यात्रा करणारे भाविक इथूनच मोठ्या संख्येने जातात. आजीही मुलाच्या जन्मानंतर नवस फेडायला गेल्या होत्या. पण ती गर्दीतली धावपळ! धूपगडचा सूर्यास्त पाहायचा राहिला तो राहिलाच. आता गुडघे कुरकुरू लागले होते. आणखी चार वर्षे थांबले तर जमेलच, याचा भरवसा नव्हता.

बेत ऐकून सून म्हणाली, ‘‘आई, दोघीच कशाला जाता? दिवाळीत सगळेच जाऊ, मुलांनाही मजा येईल.’’ बोलणे प्रेमाचेच होते. पण सगळे गेले की पाण्याची बाटली, स्वेटर आणि ‘आजी, शू लागली’ हेही बरोबर जाणार! आजी हसून म्हणाल्या, ‘‘दिवाळीतही येईन. यावेळी मात्र मला एकटीला जाऊ दे.’’ आजोबांनी चार दिवस डबा लावायचे कबूल केले आणि प्रश्न मिटला.

असा बेत करायचा तर तयारी आधीपासून हवी. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी सुरू होते, म्हणजे मे महिन्यासाठी मार्चमध्येच तिकीट काढावे. पचमढीचे जवळचे स्टेशन इटारसी-जबलपूर मार्गावरचे पिपरिया. तिथून सुमारे ५० किलोमीटर घाटरस्ता. नागपूरहून छिंदवाडा, तामिया, मटकुलीमार्गे रस्त्यानेही जाता येते.

सातपुड्यातले हे पठार १,००० मीटरपेक्षा उंच आहे. दुपारी ऊन लागतेच. पण पहाट आणि संध्याकाळ सुखाची. एकोणिसाव्या शतकात कॅप्टन जेम्स फोर्सिथ इथे आला. पुढे नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांताचा उन्हाळी कारभार इथून चालू लागला. त्या काळचे बंगले आणि चर्च आजही साल वृक्षांच्या सावलीत उभे आहेत.

गुडघे दुखत असतील त्यांनी चौरागडला खालूनच हात जोडावेत. जटाशंकर बाजारापासून जवळ आहे, मात्र तिथे पायऱ्या उतराव्या लागतात. पांडव गुंफांची टेकडी हळूहळू चढता येते. बी फॉलला उतरताना सोपे वाटते, चढताना दम लागतो. तेव्हा अर्ध्यावर बसून झऱ्याचा आवाज ऐकला तरी चालतो. जंगलातल्या ठिकाणांसाठी वनखात्याचा परवाना आणि भाड्याची जीप घ्यावी लागते. ती आणखी दोघींबरोबर वाटून घेतली की खर्च हलका होतो.

दोघी बहिणींनी पहिल्या दिवशी काहीच पाहिले नाही. साडेआठपर्यंत झोपल्या, गरम पोहे खाल्ले, तळ्याकाठी बसून आईच्या आठवणी काढल्या. दुसऱ्या दिवशी धूपगड. सुमारे १,३५० मीटर उंचीचे हे सातपुड्यातले सर्वांत उंच शिखर. जीप जवळपास वरपर्यंत जाते.

साडेसहा वाजले. घरी ही दुधाच्या पेल्यांची वेळ. आजींचा हात सवयीने पर्समधल्या फोनकडे गेला. बहीण म्हणाली, ‘‘अगं, ती आजीकडेच आहेत.’’ आजींनी हात काढून घेतला. समोर डोंगरांच्या एकामागून एक रांगा निळ्या होत चालल्या होत्या. सूर्य बुडाला, माणसे जीपकडे परतू लागली. आजी मात्र उठल्या नाहीत. कुणीही त्यांना हाक मारत नव्हते, आणि त्यांनाही कुठली घाई नव्हती.